पणजोबांच्या शिक्षेचा कागद आणि मामलेदाराचा अधिकार

नमस्कार.

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपले पणजोबा गंगापूर तालुक्यातले, म्हणजे त्या काळच्या निजामी मुलखातले. सुगीत ते कायगाव टोक्याजवळ गोदावरी ओलांडून नेवाशाच्या बाजूला मजुरीला जात. १९३४ साली कडब्याच्या ४० पेंढ्या चोरल्याच्या आरोपावरून नेवाशाच्या मामलेदारापुढे त्यांच्यावर खटला झाला. मोडीतून वाचून घेतलेल्या नकलेत पिनल कोड कलम ३७९, ‘सेकंड क्लास म्याजिस्ट्रेट’ अशी सही, आणि शिक्षा ‘१५ दिवस सक्त कैद, दंड २० रुपये, न भरल्यास आणखी ७ दिवस’ अशी आहे. घरात मात्र ‘सहा महिने बसवले, वेताचे फटके मारले, तेवीस रुपये घेतले’ असे सांगत आले आहेत. एक काका म्हणतात की हे प्रकरण सत्याग्रहाचेच असणार. ब्रिटिश कायद्यात मामलेदाराला किरकोळ गुन्ह्यासाठी किती शिक्षा देता येत होती, आणि कागद खरा धरावा की आठवण, असे आपण विचारले आहे.

मी वकिलीची सुरुवात वैजापूर-गंगापूरच्या कोर्टांत केली आणि पुढे खंडपीठात आलो. असले जुने फौजदारी कागद माझ्यापुढे आले ते बहुतेक वाटणीच्या आणि इनामाच्या दाव्यांत, कारण आजोबा अमुक साली तुरुंगात होते की गावात होते यावर कधी कधी सगळा ताबा ठरतो. त्या कामात लागलेली एक सवय आधी सांगतो. लोक कागद हाती आला की प्रथम कलम पाहतात, आणि कलमात तीन वर्षे लिहिलेली दिसली की तीन वर्षांपर्यंत काहीही झाले असेल असे मानून चालतात. मी प्रथम सहीखालचा हुद्दा आणि वर्ग पाहतो. कलम ३७९ खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती हे खरे, परंतु ती गुन्ह्याची कमाल मर्यादा झाली. खटला चालवणाऱ्या मॅजिस्ट्रेटची मर्यादा वेगळी होती, आणि खटला ज्या पद्धतीने चालवला तिचीही कधी कधी आणखी एक मर्यादा होती. या तिन्हींपैकी जी सर्वांत खालची, तिच्यावर शिक्षा जाऊ शकत नसे.

मॅजिस्ट्रेटची मर्यादा १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२ मध्ये होती. पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला दोन वर्षांपर्यंत कैद आणि १,००० रुपयांपर्यंत दंड, दुसऱ्या वर्गाला सहा महिने आणि २०० रुपये, तिसऱ्या वर्गाला एक महिना आणि ५० रुपये, असे ते प्रमाण होते. हे वर्ग महसुली हुद्द्याला आपोआप चिकटलेले नसत. मामलेदारी ही महसुलाची जागा. मॅजिस्ट्रेटचे अधिकार सरकार त्या अधिकाऱ्याला वेगळे देत असे. म्हणून एकाच तालुक्यात आधीचा मामलेदार दुसऱ्या वर्गाचा आणि नवा आलेला तिसऱ्या वर्गाचा असू शकत होता, आणि ‘मामलेदाराला किती अधिकार होता’ या प्रश्नाला सगळ्या सालांसाठी एकच आकडा देता येत नाही. आपल्या कागदावर वर्ग स्पष्ट लिहिला आहे, हे आपले भाग्य समजा. प्रांतसाहेब म्हणजे उपविभागाचा मॅजिस्ट्रेट पहिल्या वर्गाचा असे, आणि कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट असे.

याच्याही खाली गावपातळीवर एक पायरी होती, तीही लक्षात ठेवावी, कारण ‘चावडीत बसवले’ आणि ‘तुरुंगात बसवले’ यांची घरच्या आठवणीत नेहमी सरमिसळ होते. मुंबई इलाख्याच्या १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली पोलीस पाटलाला शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा बाबतींत माणसाला २४ तास चावडीत अडकवून ठेवता येत असे, आणि ज्या पाटलांना सरकारने वेगळी सनद दिली होती त्यांना ४८ तास किंवा पाच रुपये दंड इतका अधिकार होता. चोरी त्यात बसत नव्हती. ती मामलेदाराकडेच जायची.

आता आपल्या नकलेतली शिक्षा या मापाने तपासू. दुसऱ्या वर्गाला सहा महिने आणि २०० रुपये देता येत होते. १५ दिवस आणि २० रुपये हे त्याच्या आत आहे. दंड न भरल्यास द्यायची कैद मूळ कैदेच्या जोडीला दिली असेल, तर ती त्या मॅजिस्ट्रेटच्या त्या गुन्ह्यासाठीच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू नये असा नियम होता. म्हणजे सहा महिन्यांचा चौथा हिस्सा, दीड महिना. सात दिवस त्यातही बसतात. दंडाचा काही भाग भरला तर ही जादा कैद त्या प्रमाणात कमी होई. म्हणून दहा रुपये भरून साडेतीन दिवसांत सुटलेली माणसे जुन्या नोंदींत दिसली, तर ती लेखनिकाची चूक समजू नये. आपला कागद कायद्याच्या मापात बसतो. बनावट कागद बहुतेक इथेच पकडला जातो, कारण बनवणाऱ्याला कलम ठाऊक असते आणि वर्ग ठाऊक नसतो.

माझ्या एका दाव्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. वाटणीच्या कागदावरचा अंगठा आमच्या अशिलाच्या आजोबांचा असूच शकत नाही, कारण तेव्हा ते ‘एक साल कैदेत’ होते, असे म्हणून समोरच्या पक्षाने नगर जिल्ह्यातल्या एका फौजदारी खटल्याची मोडी नक्कल हजर केली. नकलेखाली ‘थर्ड क्लास म्याजिस्ट्रेट’ असे होते. तिसऱ्या वर्गाला एक महिन्यापलीकडे कैद देताच येत नव्हती, तेव्हा एक साल वाचणाऱ्याचे वाचन चुकले आहे एवढेच मी म्हणालो, आणि दुसऱ्या मोडी वाचकाकडून ती ओळ पुन्हा वाचून घेण्याची परवानगी मागितली. तिथे ‘मास १’ होते. अंगठा लागला त्या दिवशी आजोबांची सुटका होऊन सात महिने झाले होते.

वेताच्या फटक्यांविषयी मी बऱ्यापैकी ठामपणे बोलू शकतो. १९०९ च्या कायद्याखाली साध्या चोरीसाठी प्रौढ पुरुषाला फटके देता येत, पण ते कैद आणि दंड यांच्या ऐवजी, जोडीला नव्हे. शिवाय १९३४ साली मॅजिस्ट्रेटांपैकी फटके फर्मावण्याचा अधिकार पहिल्या वर्गाकडे होता, दुसऱ्या वर्गाकडे नव्हता. तेव्हा ज्या कागदावर दुसऱ्या वर्गाची सही आहे आणि कैद व दंड दोन्ही आहेत, त्या कागदातून कायदेशीर फटके निघू शकत नाहीत. पणजोबांना मारहाण झालीच नाही, असे मात्र यावरून मी म्हणणार नाही. ती शेतात पकडताना झाली असेल किंवा पोलीस गेटावर झाली असेल. अशा माराची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही, आणि घरच्या माणसाला मार देणारा हात कुणाचा होता यापेक्षा पाठीवरचे वळ जास्त आठवतात.

तेवीस रुपयांचे कोडे मला तरी सुटल्यासारखे वाटते. नेवाशाच्या कचेरीत दंड कलदार, म्हणजे ब्रिटिश, रुपयांत भरावा लागे, आणि गंगापूरच्या माणसाच्या कनवटीला निजामाचा हाली शिक्का असे. सुमारे सात हालीला सहा कलदार हा त्यांचा भाव होता. त्या हिशेबाने २० कलदार म्हणजे २३ रुपये आणि सुमारे ५ आणे हाली. घरातून गेले ते २३. कचेरीत जमा झाले ते २०. दोन्ही आकडे खरे असावेत, आणि या एका जुळणीमुळे मी आपल्या घरची आठवण एकदम मोडीत काढायला तयार नाही. त्यावरून दंड बहुधा भरला गेला आणि जादा सात दिवस भोगावे लागले नाहीत, असेही निघते.

उरले सहा महिने. हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि इथे माझे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. निकालपत्र फक्त शिक्षा सांगते. माणूस घरापासून किती दिवस दूर होता हे ते सांगत नाही. या दोहोंत अंतर पडण्याचे दोन मोठे मार्ग होते.

पहिला मार्ग कच्च्या कैदेचा, म्हणजे निकालाआधीच्या कोठडीचा. कलम ३७९ चा गुन्हा अजामीनपात्र होता. जामीन देणे मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर, आणि दिला तरी जामीनदार हवा. नदीपलीकडून आलेल्या मजुराला नेवाशात सातबाऱ्यावर नाव असलेला जामीनदार कुठून मिळणार? खटला तहकूब होत राहिला की एका वेळी १५ दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा कोठडी वाढवता येत असे. त्यात मॅजिस्ट्रेट हा मुळात मामलेदार. जमाबंदीचे दिवस आले, दौरा निघाला, की खटल्याच्या तारखा पुढे जात किंवा आरोपी आणि साक्षीदारांना मुक्कामाच्या गावी जावे लागे. आज कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा मिळतात, पण ती सोय १९७३ च्या संहितेने कलम ४२८ खाली आणली. १९३४ साली असा हक्क नव्हता. दोन महिने कच्चे काढलेल्या माणसाला वर १५ दिवस झाले, तर तो अडीच महिने घरी नव्हता, आणि कागदावर मात्र १५ दिवसच दिसणार. बरेच मॅजिस्ट्रेट आधीचे दिवस मनात धरून शिक्षा हलकी देत, म्हणून हलकी शिक्षा दिसली की मी आधी अटकेची तारीख शोधतो. आपल्या नकलेत अटकेची तारीख आहे का, हे आपण लिहिलेले नाही. असेल तर ती आणि निकालाची तारीख यांच्यातले दिवस मोजा.

दुसरा मार्ग, ज्याला आमच्या धंद्यात आणि पोलीस ठाण्यात आजही ‘चॅप्टर केस’ म्हणतात. संहितेच्या कलम १०९ खाली, ज्याला उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नाही किंवा ज्याला स्वतःविषयी समाधानकारक खुलासा देता येत नाही, अशा माणसाकडून एक वर्षापर्यंतच्या चांगल्या वर्तनाचा जामीन मागता येत असे. कलम ११० सराईत म्हणवल्या जाणाऱ्यांसाठी होते. जामीन देता आला नाही, तर ती मुदत संपेपर्यंत किंवा जामीन मिळेपर्यंत तुरुंग. ही कायद्याच्या भाषेत शिक्षा नव्हतीच, त्यामुळे गुन्हा शाबीत होण्याची गरज नव्हती आणि कलम ३२ ची मर्यादाही तिला लागत नव्हती. परमुलखातला, सुगी संपल्यावर काम नसलेला, एकदा चोरीत सापडलेला माणूस या कलमांत फार सहज बसत असे. माझे स्पष्ट मत असे की किरकोळ माणसावर मॅजिस्ट्रेटचा खरा वचक शिक्षेच्या कलमांपेक्षा या जामिनाच्या कलमांनी बसवला होता. मात्र हा हुकूम काढायला पहिल्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट लागे. म्हणजे पणजोबांचे सहा महिने खरोखर घडले असतील, तर तो कागद मामलेदाराच्या दप्तरात मिळणार नाही. प्रांताच्या कोर्टातली वेगळी फाइल शोधावी लागेल.

तिसरीही एक शक्यता आहे, पण ती मी केवळ तर्क म्हणून सांगतो. सहा महिने ही दुसऱ्या वर्गाची नेमकी कमाल मर्यादा आहे. ‘सहा महिने टाकीन’ हे वाक्य कचेरीत बोलले गेले असेल, आणि घरी तेवढेच पोहोचले असेल.

परमुलखातल्या माणसावर नेवाशाचा मॅजिस्ट्रेट खटला चालवू शकत होता का, ही शंका आपण शेवटी घेतली आहे. गुन्हा जिथे घडला तिथला मॅजिस्ट्रेट, हा नियम. आरोपी कुणाची रयत आहे याने फरक पडत नव्हता. तेच पणजोबा पेंढ्या घेऊन पाणी ओलांडून गंगापूरच्या बाजूला आले असते, तर मात्र नेवाशाचा फौजदार त्यांच्यामागे नदी उतरू शकला नसता. १९०३ च्या प्रत्यार्पण कायद्याचा लांबचा रस्ता घ्यावा लागला असता, आणि चाळीस पेंढ्यांसाठी तो कुणी घेतला नसता. निजामी मुलखातून जाणाऱ्या रेल्वेच्या जमिनीवरही ब्रिटिश हुकमत होती, पण तीही रेल्वेशी संबंधित बाबींपुरतीच, असे प्रिव्ही कौन्सिलने १८९७ साली सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावरून हैदराबाद राज्यात झालेल्या एका अटकेच्या प्रकरणात ठरवले होते.

यामुळेच एक सावधगिरी. आपल्या घरात आणखी कागद निघाले आणि ते उर्दूत असले, त्यांवर फसली साल आणि आजूर, बहमन, तीर असे महिने असले, तर ते आपल्या बाजूच्या, म्हणजे निजामी कोर्टाचे समजा. फसली सालात ५९० मिळवले की ते साल इसवी सनाच्या कोणत्या वर्षाच्या ऑक्टोबरात सुरू झाले ते निघते. त्या राज्याची दंड आणि प्रक्रियेची विधाने स्वतंत्र होती; १९२१ नंतर तिथे न्यायाचे काम महसुली अधिकाऱ्यांकडून काढून मुन्सिफ न्यायाधीशांकडे गेले, तर नदीपलीकडे ब्रिटिश मुलखात मामलेदार पुढे कित्येक वर्षे दोन्ही कामे करीत राहिला. ब्रिटिश हिंदुस्थानचे पिनल कोड आणि १८९८ ची संहिता मराठवाड्याला लागू झाली ती १ एप्रिल १९५१ पासून. त्याआधीच्या निजामी कागदाला वर दिलेले दोन वर्षे, सहा महिने, एक महिना हे आकडे लावू नका. ही चूक मी शिकलेल्या वकिलांकडूनही होताना पाहिली आहे.

काकांच्या सत्याग्रहाच्या शंकेला कलमावरून उत्तर देता येत नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात सरकारी रानातले गवत कापणाऱ्यांवर हेच कलम ३७९ लावले गेले होते. लोकनायक अणे यांनी पुसदला केलेला सत्याग्रह त्यातलाच. तेव्हा नुसते ‘३७९’ पाहून कुणाला चोरही ठरवू नये आणि सत्याग्रहीही. फिर्यादी कोण आहे ते पाहा. फिर्यादी जंगल खात्याचा नोकर असेल आणि मुद्देमाल राखीव रानातले गवत असेल, तर काकांच्या म्हणण्यात दम आहे. फिर्यादी खातेदार शेतकरी असेल आणि मुद्देमाल त्याच्या खळ्यावरचा कडबा असेल, तर हा मजुरी आणि उपासमारीचा मामला आहे, आणि १९३४ साल, सुगीचा महिना व पेंढ्यांचा नेमका आकडा पाहता माझा कल तिकडे आहे. स्वातंत्र्यसैनिकाच्या अर्जासाठी या कागदावर विसंबू नका असेच मी काकांना सांगेन. घरात कुणी विसापूरच्या तुरुंगाचे नाव घेत असेल, तर मात्र मला कळवा, कारण तिथे सत्याग्रही कैदी ठेवले गेले होते आणि १५ दिवसांच्या कडबाचोराला तिथे किंवा येरवड्याला नेण्याचे सहसा कारण नव्हते. असले कैदी तालुक्याच्या कोठडीतच दिवस काढत.

आता पुढे काय करता येईल ते. दुसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने दिलेल्या शिक्षेवर, ती कितीही लहान असली तरी, जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे अपील करता येत होते. एक महिन्यापर्यंतच्या कैदेवर किंवा ५० रुपयांपर्यंतच्या दंडावर अपील नाही, ही अडवणूक पहिल्या वर्गाच्या शिक्षांना होती. त्याचप्रमाणे कलम २६० ची सरसरी, म्हणजे झटपट खटल्याची, पद्धत, जिच्यात तीन महिन्यांवर कैद देता येत नसे आणि अपील नसलेल्या खटल्यात साक्षीही पूर्ण लिहून ठेवाव्या लागत नसत, ती या मामलेदाराला एकट्याने वापरता येत नव्हती. याचा आपल्याला फायदा असा की आपल्या खटल्यात साक्षीपुराव्याचे पूर्ण दप्तर तयार झालेले असणार. ते आज शिल्लक असेल याची खात्री मी देत नाही, कारण किरकोळ फौजदारी कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जात. नोंदवह्या मात्र पुष्कळदा वाचतात. अहिल्यानगरच्या जिल्हा रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करताना खटल्याचा नंबर आणि साल लिहा, आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: मामलेदाराच्या फौजदारी रजिस्टरातली नोंद, १९३४ व १९३५ सालांची जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या अपिलांची नोंदवही, आणि त्याच सालांतल्या प्रांत कोर्टाच्या कलम १०९ व ११० च्या कामांची यादी. ‘पणजोबांचे सर्व कागद’ असा मोघम अर्ज केलात, तर ‘आढळून येत नाही’ असा शेरा मारून तो परत येईल.

आणि अर्ज करण्याआधी हातातल्या नकलेची मागची बाजू मोडी वाचणाऱ्याला दाखवून घ्या. दंड जमा झाल्याची तारीख आणि कैदी सोडल्याचा शेरा लिहिला असेल तर बहुधा तिथेच असेल, आणि भाषांतर करून देणारे ती बाजू हमखास सोडून देतात.